तीन अर्पणपत्रिका

पुस्तक हाती घेतले की अर्पणपत्रिकेचे पान उलटून आपण सरळ अनुक्रमणिकेकडे वळतो. आईवडील, पत्नी, गुरू किंवा एखादा दिवंगत स्नेही. लेखकाचा खाजगी मामला, असे आपण धरून चालतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुस्तकांतील तीन अर्पणपत्रिका मात्र एकापुढे एक ठेवून वाचण्यासारख्या आहेत. १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या त्यागाचा त्यात उल्लेख आहे. १९२५ साली निघालेला ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांना अर्पण केला आहे, आणि कारण पुन्हा तेच: शिक्षणाच्या कामी झालेली मदत. तिसरी अर्पणपत्रिका १९४० च्या ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ची. ती रमाबाईंच्या स्मृतीस आहे. तिच्यात शिक्षण हा शब्द नाही. मित्र नसलेल्या, विवंचनेच्या दिवसांत सोबत सोसण्याची त्यांची तयारी होती, एवढे म्हटले आहे. पण ते दिवस कोणते, हे चरित्र वाचलेल्याला सांगावे लागत नाही.

शिष्यवृत्तीचा इतिहास आपण बहुधा दात्याच्या बाजूने लिहितो. कुणी, किती आणि कधी दिले हे अहवालांत सापडते. ज्याने घेतले त्याच्या बाजूचा जमाखर्च क्वचित हाती लागतो. या तीन अर्पणपत्रिका म्हणजे तसा एक जमाखर्च आहे, असे मला वाटते. तो धरून एका शिष्यवृत्तीची गोष्ट पुन्हा सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू. गोष्ट वाचकांच्या ओळखीची आहे. तिच्यातले आकडे आणि अटी यांकडे मात्र आपण फारसे थांबून पाहत नाही.

आधी मागचे थोडे. गरीब विद्यार्थ्याला समाजाने पोसायचे, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली नाही. माधुकरी होती, काशीसारख्या क्षेत्री अन्नछत्रे होती, आणि पुण्यात वार लावून जेवणे होते. आठवड्याचे सात वार, सात घरे. मुलगा शिकून बाहेर पडेपर्यंत त्याचे ताट त्या त्या घरी ठरलेले. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी नामवंतांची विद्या या सात घरांच्या आमटीभातावर उभी आहे. धर्मानंद कोसंबी गोव्यातले संसाराचे घर सोडून १८९९ मध्ये निघाले, ते पुण्याहून काशीला गेले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. या व्यवस्थेची हेटाळणी करण्याचे कारण नाही. पण वार लावायचा तर यजमानाच्या घरात शिरता यावे लागते, पंगतीला बसता यावे लागते. दान शिक्षणाचे असले तरी त्याची वाट स्वयंपाकघरातून जात होती, आणि त्या वाटेवर जात उभी होती.

साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. तिथे आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. मधल्या सुटीत मुलाने लांब घरी जाऊ नये म्हणून ते आपल्या डब्यातली भाजीभाकरी रोज त्याला देत. पण देत ती वरून, हातावर टाकून. मोठेपणी बाबासाहेबांनी त्या भाकरीची आठवण गोडीने सांगितली आहे, आणि त्या शिक्षकांचे आडनाव तर ते जन्मभर लावत राहिले. वाराच्या ताटाचे हेच रूप त्या मुलाच्या वाट्याला आले.

जातीजातींत शिक्षणाची जी नवी मदत उभी राहू लागली होती, तिने निदान स्वयंपाकघराची वाट टाळली. पुण्यात गंगारामभाऊ म्हस्के यांच्या संस्थेने मराठा विद्यार्थ्यांना रोख मदत द्यायला सुरुवात केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली. बडोद्यात सयाजीराव होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक जाऊन राजा झाला, आणि मुळाक्षरांपासून सगळे शिक्षण त्यानंतर घेता झाला. शिक्षण मिळाले तर माणसाचे काय होते, हे या राजाला पुस्तकातून कळलेले नव्हते. संस्थानात अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, तेव्हा हिंदू शिक्षक मिळेनात म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. १९०६ मध्ये त्यांनी साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. विठ्ठल रामजी शिंदे यांना बी.ए.च्या काळात महिना पंचवीस रुपये याच दरबारातून मिळाले, आणि पुढे ऑक्सफर्डला जायच्या प्रवासखर्चालाही त्यांनीच हात दिला.

भीमराव आणि ही तिजोरी यांच्यामध्ये एक माणूस होता, त्याच्याकडे पैसा नव्हता. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळूसकर संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. एक शाळकरी मुलगाही तिथे पुस्तक घेऊन येतो, हे त्यांच्या लक्षात आले. ओळख झाली. मुलाच्या सत्काराच्या सभेत त्यांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. चरित्रकार हा सत्कार १९०७ च्या मॅट्रिकचा मानतात. स्वतः बाबासाहेबांनी इंग्रजी चौथी पास झाल्याचा म्हणून तो सांगितला आहे. सभेचे अध्यक्ष सी. के. बोले म्हणून ओळखले जाणारे सीताराम केशव बोले होते. मॅट्रिकचे गुण होते ७५० पैकी २८२. आजच्या कुठल्याही गुणवत्तायादीत हा मुलगा दिसला नसता. म्हणून केळूसकरांच्या नजरेचे मोल मला सयाजीरावांच्या पैशाइतकेच वाटते. इंटरनंतर रामजी सुभेदारांच्याने कॉलेजचा खर्च पेलेना, तेव्हा केळूसकर मुलाला महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि महिना पंचवीस रुपये मंजूर केले. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक म्युलर पुस्तके देत, कपडेही देत.

पंचवीस रुपयांत घर चालत नव्हते. ते चालवत होते रामजी. पलटणीतून निवृत्त झालेला हा माणूस परळच्या चाळीत मुलाला पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवी. पुस्तक हवे असले, की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून गहाण टाकीत आणि पेन्शन आली की सोडवीत. दागिना देणाऱ्या त्या बहिणींनाही कुठल्या तरी पानावर जागा हवी होती, असे मनात येऊन जाते. भीमराव बी.ए. झाले आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. तोच वडिलांच्या आजारपणाची तार आली. २ फेब्रुवारीला रामजी गेले. दहा वर्षांनी आलेल्या पहिल्या अर्पणपत्रिकेत त्यांच्या त्यागाचा उल्लेख आहे, तो या चाळीतल्या पहाटेचा आहे.

त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवायचे ठरवले. ४ जून १९१३ रोजी करारनाम्यावर सह्या झाल्या. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर बडोदे संस्थानाची दहा वर्षे नोकरी. तीन वर्षे घ्यायची, दहा द्यायची. सरकारी दृष्टीने पाहिले तर अट वाजवी होती. संस्थानाला शिकलेले अंमलदार हवे होते आणि पैसा रयतेचा होता. महाराजांनी भिक्षा घातली नव्हती, करार केला होता. घेणाऱ्याच्या स्वाभिमानाला करार सोसतो. उपकार तितका सोसत नाही.

जुलैत ते न्यूयॉर्कला उतरले. घरी रमाबाई होत्या आणि सहा-सात महिन्यांचा यशवंत.

साडेअकरा पौंडांनी काय विकत घेतले? पदवी म्हणता येईल. माझ्या मते त्यांनी वेळ विकत घेतला. आणि ज्या गावात कुणी जात विचारत नाही असे एक गाव. कोलंबियाच्या नोंदींत त्यांनी घेतलेल्या पाठ्यक्रमांची संख्या पाहिली की छाती दडपते: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, वर फ्रेंच आणि जर्मन भाषांची तोंडओळख. पदवीपुरते वाचणारा विद्यार्थी असे करीत नाही. सेलिग्मन अर्थशास्त्र शिकवत होते, ड्यूई तत्त्वज्ञान. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवरचा निबंध वाचला. बडोद्याच्या हिशेब खात्याला या निबंधाचा काडीचा उपयोग नव्हता. खर्च मात्र बडोद्याचा. त्यातूनच घरी पैसे जात होते, आणि त्यातूनच जुन्या बाजारात पुस्तके घेतली जात होती; ती दोनेक हजारांवर गेली. वसतिगृहात नवल भथेना नावाचा पारशी तरुण भेटला आणि जन्माचा मित्र झाला. पुढच्या हकिगतीसाठी हे नाव लक्षात ठेवावे.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. वर्षभरात बडोद्याच्या दिवाणांचे पत्र आले: शिष्यवृत्तीची मुदत संपली आहे. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत दिली, आणि ते निघाले. सामान वेगळ्या जहाजावर होते. महायुद्ध चालू होते. पाणतीराने ते जहाज बुडाले. बडोद्याला रुजू व्हायला जाण्यासाठी जे पैसे होते, ते थॉमस कुक कंपनीने या बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून दिलेले सहाशे रुपये.

सप्टेंबर १९१७. बडोद्यात काय घडले ते त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले आहे. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे मनातून पुसून गेले होते, आणि बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो कुठे राहायचे हा. हिंदू खाणावळी बंद होत्या. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमाच्या माडीवर राहिले. दिवसाला दीड रुपया. माडीवर दुसरे कुणी नाही, रात्री अंधार, सोबतीला पुस्तके. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकीत. अकराव्या दिवशी सकाळी दहाबारा पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. संध्याकाळपर्यंत खोली सोड, नाहीतर परिणाम वाईट. त्यांनी दोन मित्रांना आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सभ्य शब्दांत नकार दिला. महाराजांचा लष्करी चिटणीस म्हणून नेमलेला, कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला तरुण रात्रीची गाडी येईपर्यंत कामाठीबागेत बसून राहिला आणि मुंबईला परतला.

करारातली दहा वर्षे अकराव्या दिवशी संपली.

शिष्यवृत्तीने विद्यार्थ्यात बदल घडवला होता. बडोदे जिथल्या तिथे होते. महाराजांच्या हुकमाने मुलगा न्यूयॉर्कला पोचला, पण त्याच हुकमाने त्याला राजधानीत एक खोली मिळेना. राजाचे राज्य तिजोरीवर होते. उंबरठ्यांवर नव्हते. देणाऱ्याने पैसा दिला, अट घातली. मात्र अट पाळता येईल अशी जागा त्याला देता आली नाही. या प्रकरणात कराराचा भंग कुणी केला, हा प्रश्न वकिलाला विचारला तर उत्तर एक येईल, इतिहासकाराला विचारला तर वेगळे.

याच दरबाराची दुसरी एक शिष्यवृत्ती शेजारी ठेवली म्हणजे मुद्दा स्पष्ट होतो. १९०८ मध्ये सयाजीरावांनी धर्मानंद कोसंबींना तीन वर्षांसाठी महिना पन्नास रुपये देऊ केले. अट अशी, की महाराष्ट्रात कुठल्याही शहरी राहावे आणि वर्षाला एक ग्रंथ बडोदे सरकारसाठी लिहावा. कोसंबींनी त्यासाठी कलकत्त्यातली बऱ्याच मोठ्या पगाराची जागा सोडली. पुण्यात राहिले, पालीच्या अभ्यासाला मुंबई विद्यापीठात वाट मिळावी म्हणून खटपट केली, तिथून हार्वर्डला गेले, परत येऊन फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. ही अट घेणाऱ्याच्या कामातूनच निघाली होती. ती पुरी करायला कुणाच्या कचेरीत बसावे लागत नव्हते, कुणाच्या माठातले पाणी मागावे लागत नव्हते. अर्थात कोसंबींना खोली मिळायला अडचण नव्हती, हेही खरेच. ही तुलना त्याच्यापुढे नेता येणार नाही.

मुंबईत परतल्यावर पुढची तीन वर्षे धडपडीत गेली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपयांची प्राध्यापकी मिळाली, तेव्हा काटकसरीने शिल्लक टाकता आली. लंडन विद्यापीठाची चार वर्षांची मुदत संपत आली होती. या वेळी करारनामा नव्हता. शिल्लक स्वतःची होती, शाहू महाराजांनी पंधराशे रुपये दिले, आणि नवल भथेनांनी पाच हजार उसने दिले. काठ्या घेऊन जिना चढणारे पारशी आणि हा पारशी. माणसांची गणती जमातीने करू पाहणाऱ्याची इथे पंचाईत होते. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी., मधल्या काळात बॅरिस्टरी. बडोद्याने अर्धवट राहू दिलेले शिक्षण असे तीन हातांनी पुरे झाले. शिष्यवृत्ती ही एक देणगी नसते, पुष्कळदा ती देणग्यांची साखळी असते. मधली एक कडी निखळली तर आधीचा पैसाही वाया जातो. २५ रुपयांनंतर साडेअकरा पौंड आले नसते तर एल्फिन्स्टनचा एक पदवीधर हिंदुस्थानाला मिळाला असता, एवढेच.

या पार्श्वभूमीवर १९२५ ची अर्पणपत्रिका वाचावी. हा ग्रंथ म्हणजे कोलंबियात सिद्ध केलेला प्रबंध. त्याची छापील प्रत दाखल झाल्यावर १९२७ मध्ये विद्यापीठाने पीएच.डी. रीतसर बहाल केली. म्हणजे करारनाम्यावर सही झाल्यापासून चौदा वर्षांनी. कामाठीबागेतल्या त्या संध्याकाळीला तेव्हा आठ वर्षे झाली होती, आणि ती विसरलेली नव्हती, कारण त्यानंतरही दहा वर्षांनी त्यांनी ती बारकाव्यांसह लिहून काढली. तरीही ज्या पैशावर हे संशोधन झाले त्या पैशाची पोच त्यांनी त्याच पुस्तकात दिली. देणारा राजा आणि दार लावून घेणारे गाव, यांना त्यांनी दोन वेगळ्या खात्यांत मांडले. बडोद्याला दहा वर्षांची नोकरी मिळाली नाही. हा ग्रंथ मिळाला.

तिसऱ्या पानाचा हिशेब कुठल्याच करारनाम्यात नव्हता. शिष्यवृत्ती एका माणसाचा खर्च धरते: फी, राहणे, जेवण, पुस्तके. मागे राहिलेल्या घराचा रकाना तिच्यात नसतो. १९१३ ते १९१७ आणि पुन्हा १९२० ते १९२३ अशी सात वर्षे रमाबाईंनी मुंबईत काढली. घरी पैसे येत ते अपुरे. शेणगोळा, गोवऱ्या, जळण यांत दिवस गेले. पाच अपत्यांपैकी एकटा यशवंत हाताशी राहिला. १९३५ मध्ये त्या गेल्या. साडेअकरा पौंडांत न बसणारा जो खर्च होता, तो त्यांनी भरला, असे त्या तिसऱ्या पानाचे मला वाटणारे वाचन आहे. ते पान यायला १९४० उजाडावे लागले.

आणखी एक पोच आहे, ती ग्रंथात नाही. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ला त्यांनी १९५६ मध्ये प्रस्तावना लिहिली होती, १९५७ मध्ये ग्रंथ निघाला तो तिच्याशिवाय. त्या प्रस्तावनेत दादा केळूसकरांचे नाव आहे, सत्काराची सभा आहे, आणि भेट मिळालेले बुद्धचरित्र आहे. केळूसकरांनी ते बडोद्याच्या सयाजीराव ग्रंथमालेसाठी लिहिले होते, असेही त्यांनी तिथे नमूद केले आहे. म्हणजे पंचवीस रुपये मंजूर होण्याच्या आधीच बडोद्याच्या पैशाने छापलेले एक पुस्तक त्या मुलाच्या हातात होते.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉर्ड लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्यांची मागणी आहे: विज्ञान व तंत्रशिक्षण घेणाऱ्यांना देशात आणि निवडक मुलांना परदेशात. अलीगढ आणि बनारसच्या विद्यापीठांना सरकार दरसाल तीन-तीन लाख देते, मग यांना का नाही, असा त्यांचा साधा सवाल होता. तीन लाख मंजूर झाले. मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीची योजना १९४४ पासून सुरू झाली ती अजून चालू आहे. दहा वर्षे नोकरीची अट तिच्यात नाही. मुलाने राजापुढे उभे राहून उत्तरे द्यावीत अशीही गरज नाही. दाखला आणि गुणपत्रिका पुरते.

या योजनेचे पैसे उशिरा येतात, ही तक्रार मात्र जुनी आहे. मी शिकत होतो त्या कॉलेजात फेब्रुवारी-मार्चमध्ये, परीक्षा तोंडावर आल्यावर, कार्यालयाच्या खिडकीपाशी रांग लागे. वर्षभराची खाणावळ उधारीवर असे. रांगेतली मुले त्या पैशातून आधी खाणावळवाल्याचे देणे फेडीत, आणि उरलेल्यातून बहुतेक जण घरी मनीऑर्डर करीत.